कॅन्सर गेला, पण मी पहिल्यासारखी कधी होणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ४१ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. उजव्या स्तनाचा कॅन्सर होता. नागपूरला ऑपरेशन झालं, त्यात स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. हे सगळं संपून सव्वा वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. त्या लिहितात: "कापूस वेचायला गेले की दोन घंट्यांत हात भरून येतो. मालक अंगणात खाट टाकून झोपतात. महालक्ष्मीच्या स्वयंपाकाला जावेनं हात लावू दिला नाही. कुठं हाड दुखलं तरी वाटतं, आलाच परत. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू होती म्हणून चार महिने दवाखान्यात गेले नाही, ते मनातून जात नाही. सगळे म्हणतात हिंमत ठेव, खचलीस तर आजार उलटेल. माझ्यात हिंमतच नाही का? मी पहिल्यासारखी कधी होईन?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक सांगितली आहे, पण संपली की पंधरा दिवस, महिना राहून जाते."

ताई,

खचल्यामुळे कॅन्सर उलटत नाही, हे आधी सांगते. रडलं, घाबरलं, रात्री झोप लागली नाही म्हणून हा रोग परत येतो, याला वैद्यकशास्त्रात भक्कम आधार नाही. रोग परत येतो की नाही हे त्याची जात कोणती होती, तो किती पसरला होता, काखेतल्या किती गाठींत पोचला होता आणि उपचार पूर्ण झाले की नाही, यावर ठरतं. "हिंमत ठेव" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यामुळे तुमच्यावर दुहेरी भार पडला आहे. भीती आहेच, आणि भीती वाटते म्हणून आपणच आजार ओढवून घेऊ ही दुसरी भीती. ही दुसरी आजच खाली ठेवा. रडू आलं तर रडा.

आता तुमची शेवटची ओळ. तुम्ही ती सहज लिहून टाकलीत, पण माझ्या मते सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. टॅमॉक्सिफेन ही ताकदीची गोळी नाही, बरं वाटलं की सोडायची गोळीही नाही. तुमचा कॅन्सर स्त्रीसंप्रेरकावर वाढणाऱ्या जातीचा असणार, म्हणूनच ती दिली. ती त्या संप्रेरकाचा कॅन्सरच्या पेशींवर असर होऊ देत नाही. या जातीत पाच वर्षं नेमानं घेतली तर पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याची शक्यता जवळपास निम्म्यानं आणि पुढच्या पाच वर्षांत जवळपास एक तृतीयांशानं कमी होते. काहींना डॉक्टर दहा वर्षंही सांगतात. महिना-महिना खंड पडला तर हा फायदा हातचा जातो. ज्या हिंमतीची तुम्ही विचारणा करता, तिचा मोठा वाटा या २० मिलिग्रॅमच्या गोळीत आहे.

गोळी का राहते ते बघा. गावात मिळत नाही, तालुक्याला जायला दिवस मोडतो, आणि पाकीट संपल्यावरच आठवण होते. म्हणून पाकिटात दहा गोळ्या उरल्या की पुढची आणायची, असा नेम करा. एकदम तीन महिन्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून मागून घ्या. ही गोळी महागड्या औषधांतली नाही. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तिच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. रोज एकाच वेळी घ्या, रात्रीच्या जेवणानंतर किंवा सकाळच्या चहाबरोबर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि इतके दिवस खंड पडला हे डॉक्टरांना न लाजता सांगा. ते रागावतील या भीतीनं अनेक बाया हे लपवतात, मग डॉक्टर चुकीच्या हिशेबावर पुढचं ठरवतात.

या गोळीनं अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, पाळी बिघडते. आपल्याकडच्या मे महिन्यात ते जास्तच जाचतं. सुती कपडे, उशाशी ओला पंचा, तिखट आणि कडक चहा थोडा कमी, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. फारच त्रास असेल तर डॉक्टर औषध देतात. पण उदासीची किंवा झोपेची गोळी दुसऱ्या कुणाकडून घेताना टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण त्यांतल्या काही गोळ्या तिचा असर कमी करतात. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तेही दाखवा. आणखी एक गोष्ट कुणी उघड सांगत नाही. केमोनं पाळी थांबली असली तरी दिवस जाऊ शकतात, आणि ही गोळी चालू असताना दिवस जाणं गर्भासाठी धोक्याचं आहे. माला-डी किंवा अंतरा इंजेक्शन तुम्हाला चालणार नाही, त्यांत संप्रेरकं असतात. तांबी किंवा निरोध चालतो, आणि दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात.

आता हात. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला पाझर वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. वावरातला पाणी काढून देणारा चर बुजला की धुऱ्याशी पाणी साचतं, तसं ते हातात साचतं. याला लिम्फेडेमा म्हणतात. तुम्ही लिहिता तो "भरून येणारा" हात ही त्याची सुरुवात असू शकते. सुरुवातीला धरलं तर हे आटोक्यात राहतं. वर्षं गेली की सूज घट्ट होते, मग पूर्ण उतरत नाही.

शिंप्याची फीत घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही हातांची मापं घ्या: मनगट, कोपरापासून दहा सेंटिमीटर खाली, आणि कोपरापासून दहा सेंटिमीटर वर. फीत टेकवायची, आवळायची नाही. वहीत तारीख घालून लिहा. उजवा हात कामाचा असल्यानं तो थोडा जाड असणं साहजिक आहे, म्हणून एका मापावरून घाबरू नका. फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला, किंवा महिन्यागणिक वाढत चालला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. फितीच्याही आधी बांगडी सांगते. त्या हातातली बांगडी सरकेनाशी झाली, ब्लाउजची बाही रुतू लागली, की समजा. त्या हातात सैल बांगड्याच घाला. घट्ट बांगडी फुटली तर काच कातडीत शिरते, आणि या हाताला चीर पडणं हाच खरा धोका आहे.

कारण या हातात जंतू शिरले की ते लवकर पसरतात. बोंडाच्या वाळल्या टोकाचं खरचटणं, सोयाबीनच्या शेंगेचा काटा, इळ्याची चीर, काहीही असो, साबणाच्या पाण्यानं धुवा, औषध लावा, स्वच्छ पट्टी बांधा. हात लाल झाला, तापला, थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ग्रामीण रुग्णालयात जा, अँटिबायोटिक लागेल. अशा हाताला गरम तेलानं चोळणं, विटेनं शेकणं, स्वतःच करकचून पट्टी बांधणं, हे तिन्ही घरोघरी होतं आणि तिन्हीनं हात बिघडतो. सूज असेल तर मापानं घेतलेली दाबाची बाही लागते. ती फिजिओथेरपिस्ट माप घेऊन सांगतात. दिवसा घालायची, रात्री काढायची, रोज धुवायची, आणि साधारण सहा महिन्यांनी तिचा ताण गेला की बदलायची. दुकानात हाताला लागली ती उचलली तर मनगटाशी रुतून पंजा सुजतो.

म्हणून मग हात वापरायचाच नाही का? तुम्हाला कुणीतरी "जन्मभर वजन उचलू नको" असं सांगितलं असेल. तो सल्ला आता जुना झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात हात सुजलेल्या स्त्रियांनी बाही घालून, देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवत वजन उचललं. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले. बिघडतं ते एकदम केल्यानं. सव्वा वर्ष हात आवरून धरायचा आणि मग एके दिवशी सकाळपासून किलोवर वेचायला जायचं, तर तो भरून येणारच.

असं करा. आधी तीन आठवडे फक्त व्यायाम. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत हात वर न्या, पोचेल तिथं कोळशानं खूण करा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खूण रोज वर सरकली नाही तरी चालेल, आठवड्यानं सरकली तरी पुरे. हात छातीच्या वर उचलून मूठ उघड-मीट करा, वीस वेळा. मग वेचणी: पहिला आठवडा एक घंटा, तोही दिवसाआड, सकाळच्या गारव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड वाटला नाही तर पुढच्या आठवड्यात अर्धा घंटा वाढवा. जड वाटला तर आधीच्या मापावर या. वेचणीची ओटी उजव्या खांद्याला अडकवू नका. कमरेला बांधा, आणि तीन-चार किलो झालं की रिकामी करा. आपल्याकडच्या बाया लुगड्यावर पुरुषी फुलबाहीचा सदरा घालतात, तो तुमच्यासाठी उत्तमच. रेडिएशन झालेली कातडी उन्हात लवकर भाजते आणि हातही झाकला जातो. घरी आलं की अर्धा घंटा उताणं पडून हात उशीवर ठेवा. पाण्याचा गुंड दोन्ही हातांनी, आधी अर्धा भरून. फवारणीच्या वावरात जाऊ नका, आणि फवारणीचे कपडेही दुसऱ्या कुणाला धुवू द्या.

या सगळ्याला किलोची मजुरी परवडत नाही, हे मला माहीत आहे. निम्म्या वेळेत निम्मीच मजुरी. म्हणून पहिला हंगाम स्वतःच्या वावरातच काढा, किंवा रोजानं मिळणारं हलकं काम बघा. बचत गटात असाल तर हिशेबाची, निवडण-पाखडणाची कामं मागून घ्या. मागून घ्या असं मुद्दाम म्हणते, कारण तुम्हाला जपण्याच्या नादात लोक तुम्हाला बाजूला बसवतात. बसून राहिल्यानं थकवा जात नाही. उपचारानंतरचा थकवा महिनोन्महिने राहतो, कधी वर्षभराहूनही जास्त, आणि तो कमी करण्याचा सिद्ध झालेला एक उपाय चालणं हा आहे. दहा मिनिटांपासून सुरू करून आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा घंटा. एवढं करूनही पाय उचलवत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. जेवणात पथ्याच्या नावाखाली काही तोडू नका. डाळ, चवळी, शेंगदाणे, अंडी, दूध, आणि सोयाबीनही जेवणापुरतं चालतं. खर्रा किंवा गुडाखू असेल तर तेवढं मात्र सोडा.

हाडाचं दुखणं. भीती घालवता येणार नाही, पण तिला नियम लावता येतो. आदल्या दिवशी काम केलं होतं, दुखणं विश्रांतीनं कमी होतं, जागा बदलतं, तर वाट बघा. दुखणं नवं आहे, एकाच जागी आहे, वाढत चाललंय, रात्री झोपेतून उठवतं, आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर दाखवा. टाक्यांच्या जागी किंवा काखेत नवी गाठ, दुसऱ्या स्तनात गाठ, न थांबणारा खोकला किंवा धाप, कावीळ, कारणाशिवाय उतरणारं वजन, सकाळी उलटीसह डोकेदुखी, यांत दोन आठवडेही थांबू नका. हा नियम मुलीला किंवा आशाताईला सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता एकटीनं निकाल लावायची वेळ येणार नाही.

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी, आणि डाव्या स्तनाची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) दरवर्षी. त्रास काही नसताना "सगळ्या अंगाचा स्कॅन" किंवा रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांची (मार्कर) तपासणी दर वेळी करून घेतल्यानं आयुष्य वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये असं पॅकेज कुणी गळ्यात मारलं तर ते पैसे गाडीभाड्याला ठेवा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. रेल्वेनं तपासणीला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्यालाही सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्या.

मालकांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण ते लिहायला किती वेळ लागला असेल याचा अंदाज येतो. तुम्ही धरून चालला आहात की त्यांना किळस वाटते. असेलही. पण उपचारांच्या काळात नवरे बाहेर झोपू लागतात ते बहुतेक वेळा धक्का लागेल, दुखेल, काही होईल या भीतीनं. मग ती सवय होते, आणि विचारायचं कुणी हा प्रश्न उरतो. तुम्ही विचारलंय का? थेट त्या विषयावर बोलणं जड जात असेल तर एक वाट आहे. दंडाचं माप स्वतःच्या हातानं नीट घेता येत नाही. एक तारखेला फीत त्यांच्या हातात द्या. कोपर कुठं, दहा सेंटिमीटर कुठं, ते दाखवा. इथं बधिर आहे, इथं दुखतं, इथं हात लागला तरी काही होत नाही, एवढं त्याच वेळी सांगता येतं. काखेतली आणि दंडाच्या आतली बधिरता ऑपरेशनात नस कापल्यामुळे असते, ती काहींना कायम राहते. व्रण त्यांनी आजच बघावा अशी घाई नको. जवळ येताना कोरडेपणामुळे दुखत असेल तर औषध दुकानातली पाण्यात विरघळणारी जेली वापरा. संप्रेरकाचं मलम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

छातीची एक बाजू सपाट झाल्यानं खांदा एकीकडे ओढतो, पाठ दुखते. बाजारातला सिलिकॉनचा स्तन महाग पडत असेल तर गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून घरचा करून घेता येतो. मऊ सुती कापडाची, डाव्या बाजूच्या आकाराची पिशवी, आत कापूस. नुसत्या कापसाचा हलका होतो आणि चालताना वर सरकतो. म्हणून तळाशी मोहरीची छोटी बंद थैली घाला, वजन डाव्या बाजूच्या जवळपास येईपर्यंत. ब्लाउजला आतून खिसा लावा. वरची खोळ दोन करा, घामानं एक रोज धुवायला लागते. मोहरी ओली झाली तर बदला. रेडिएशनची कातडी पूर्ण बरी झाल्यावरच वापरा, आणि घरात काढून ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. काहीच वापरायचं नाही हाही पूर्ण चांगला निर्णय आहे.

जावेचं वागणं तुम्हाला अपमानाचं वाटलं, ते होतंच. पण त्यात अज्ञान किती आणि दुष्टपणा किती, हे तपासून बघा. कॅन्सर लागट नाही. बाहेरून मशीननं दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. तुमच्या हातचं खाल्ल्यानं, तुमच्या ताटात जेवल्यानं कुणाला काही होत नाही. हे तुम्ही सांगितलं तर वाद वाटेल. आशाताईला घरी बोलवा आणि तिच्या तोंडून, सासूबाईंच्या समोर, सांगायला लावा. पुढच्या महालक्ष्म्यांच्या आधी, सणाच्या दिवशी नाही. तरीही जाऊबाई ऐकल्या नाहीत तर तो त्यांचा प्रश्न झाला, तुमच्या अंगात काही खोट आहे याचा पुरावा नव्हे.

"पहिल्यासारखी कधी होईन", याचं सरळ उत्तर असं की काही बाबतींत नाही. हात जन्मभर सांभाळावा लागेल. पण पहिल्यासारखं म्हणजे कोणासारखं, हेही विचारते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी, हाताला गाठ लागली तरी सोंगणी संपेपर्यंत थांबणारी? त्या चार महिन्यांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पीक उभं असताना दवाखान्याला दिवस देणं आपल्या घरांत बाईला सुचतच नाही, कारण तशी मुभा तिला कुणी कधी दिलेली नसते. पण ती मुभा आता तुम्ही घ्या. हंगाम असो, लग्न असो, तपासणीची तारीख पुढे ढकलायची नाही. पहिल्या ताईंना हे जमत नव्हतं. तुम्हाला जमलं तर तुम्ही त्यांच्या मागे पडलात असं मी म्हणणार नाही.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, बोलणं सगळंच गेलं, किंवा जगू नये असं मनात येऊ लागलं, तर ते सहन करायचं दुखणं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या तपासणीला जाताना एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये बायोप्सीचा, ऑपरेशनचा, कॅन्सरची जात सांगणाऱ्या ईआर-पीआर-हर टू तपासणीचा कागद, केमो-रेडिएशनचा गोषवारा, मापांची वही आणि गोळीचं रिकामं पाकीट ठेवा. विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून काढा, ओपीडीत दोन मिनिटांत ते आठवत नाहीत. गोळी किती वर्षं, हाताला बाही लागेल का, फिजिओथेरपिस्ट कधी भेटतील. आणि मुलगी असेल तर तिच्यासाठीही एक: तुम्हाला पन्नाशीच्या आत झाला म्हणून जनुकीय तपासणीचा सल्ला हवा का, आणि तिनं कोणत्या वयापासून तपासून घ्यावं. स्तनाच्या कॅन्सरपैकी शंभरात पाच ते दहाच सरळ आनुवंशिक असतात, तेव्हा तिच्या लग्नाची काळजी आजपासून करू नका. पण प्रश्न नक्की विचारा, आणि तिला सोबत घेऊन जा.